रंगावर कसलेला बोल्ट

लडकूच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं वळत नाहीत. चहाचा ग्लास धरला की ती बाहेर राहतात आणि नवं गिऱ्हाईक विचारतंच, काय झालं म्हणून. मग लडकू कधी जॅक सरकला म्हणून सांगतो, कधी इंजिनाच्या पंख्यात हात गेला म्हणून सांगतो. एकाला तर म्हसा गावच्या यात्रेत बैलाने पाय दिला असंही सांगितलं. मी शेजारीच माझ्या बॅटरीच्या दुकानात बसून हे सगळं ऐकतो आणि माझं डोकं फिरतं. कारण ती बोटं मोडली तेव्हा मी दहा पावलांवर उभा होतो. त्याआधी जे झालं तेव्हाही मी तिथेच होतो, हातात बॅटरी धरून, मख्खासारखा.

सरळगावच्या नाक्यावरून किन्हवलीकडे वळलं की डाव्या हाताला पत्र्याची दोन दुकानं लागतात. एक माझं, एक लडकूचं. मुरबाडपासून शहापूरपर्यंत गाडीच्या वायरिंगचं काम त्याच्याइतकं कुणाला येत नाही, आणि हे मी मित्र म्हणून सांगत नाही. मित्र म्हणून सांगायचं तर तो मारकुटा माणूस आहे. त्याचा बाप आसूडाने मारायचा, आणि बैल कोणता, पोरगा कोणता, यात फारसा फरक करायचा नाही. लडकू चौदा वर्षांचा असताना त्याने एक दिवस बापाच्या हातातला आसूड हिसकावून घेतला आणि बापाला अंगणात लोळवलं. त्या दिवसापासून त्या घरात मारायचं काम लडकूकडे आलं.

पुढे ते त्याने घराबाहेरही नेलं. यात्रेत एका दलालाचे दोन दात पाडले. स्वतःच वायरी जोडून, वर चिकटपट्टी गुंडाळून आलेल्या एका टेम्पोवाल्याचं डोकं त्याच्याच बॉनेटवर आपटलं. माझी एक बरगडीही त्याच्या नावावर आहे, आणि कारण विचाराल तर पत्त्यांचा डाव. दोन महिने मी कुशीवर झोपू शकलो नाही. तरी तिसऱ्या महिन्यात आम्ही एकत्र चहा पीत होतो. यात सांगण्यासारखं काही नाही, लाजच आहे, पण झालं ते असं झालं.

हाच माणूस वायरीला हात लावला की वेगळा होतो. वायर तो कधी ओढत नाही. एका छोट्या बल्बला दोन तारा लावलेल्या असतात, तो बल्ब घेऊन तो गाडीखाली आडवा होतो आणि एकेका जोडाला टेकवून बघत जातो. कुठे पेटतो, कुठे मंद पेटतो, कुठे पेटतच नाही. दोन-दोन तास तोंडातून शब्द नाही, शिवी नाही. त्याचा एकच नियम होता. गाडीत काहीही बिघडलेलं असो, आधी अर्थिंग बघायचं. तो म्हणायचा, "करंट येतो कुठून ते सगले बघतात. जातो कुठून ते कोनी बघत नाय." हा नियम त्याने आयुष्यात एकदाच मोडला, आणि तोही एका शेठच्या रंगासाठी.

शेठ म्हणजे वाशिंदचा हर्षित. वय तिशीच्या आतलं, घरचं प्लॉटिंगचं काम, आणि सिद्धगडाच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला फार्महाऊस. मुंबईत कुठल्याशा बंद गॅरेजात सडत पडलेली एक जुनी अमेरिकन गाडी त्याने उचलून आणली होती. तो तिला मसल कार म्हणायचा. एकोणसत्तर सालची, दोन दारांची, बॉनेट एवढं लांब की त्यावर दोन माणसं आरामात झोपतील. आठ सिलिंडरचं इंजिन चालू झालं की शेजारच्या शेतातल्या म्हशी दावं तोडायच्या. दोन वर्षं खर्चून त्याने ती नव्यासारखी करून घेतली. गर्द निळा रंग. वरून तर सोडाच, खालच्या पत्र्यालाही असा रंग मारला होता की आडवं पडून बघितलं तर आपलं तोंड दिसावं. फक्त डॅशबोर्डवरचे काटे मेलेले होते. पेट्रोल, पाणी, ऑइल, चार्जिंग, चारही. मुंबईचे दोन मिस्त्री हात टेकून गेले आणि मग गाडी लडकूकडे आली. म्हणजे लडकूच गाडीकडे गेला, रोज माझ्या मोटरसायकलवर मागे बसून.

पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत गाडीखाली टॉर्च धरून बसायचं काम गोमाने केलं. गोमा तिथला राखणदार, जवळच्याच ठाकर आदिवासींच्या पाड्यावरचा, पन्नाशीचा, काडीसारखा. बोलणं कमी. लडकूने नुसता हात पुढे केला की गोमा त्याला हवा तोच पाना द्यायचा. दुपारी गोमाची बायको हिरी नाचणीच्या भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन यायची आणि आम्ही तिघं आंब्याखाली बसून जेवायचो. पाचही दिवस. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण नंतर लडकूला याची आठवण राहिली नाही.

चौथ्या दिवशी तीन काटे जिवंत झाले. पेट्रोलचा राहिला. टाकीत एक फ्लोट तरंगत असतो आणि आत पेट्रोल किती आहे ते तो वायरीतून काट्याला कळवतो. पण त्यासाठी टाकीची अर्थिंगची तार गाडीच्या उघड्या पत्र्याला लागलेली हवी. मध्ये रंग आला तर करंट अडतो, आणि टाकी काठोकाठ भरलेली असली तरी काटा खाली बसतो. लडकूने पत्रा घासायला कानस काढली तेव्हा हर्षित धावत आला. दादा, पेंटला टच करायचं नाही, खालून पण नाही, हा पेंट बाहेरून मागवलाय, असं म्हणून त्याने कानस हातातून घेतलीच. दुसरं कुणी असतं तर लडकूने ती त्याच्या मांडीत घातली असती. पण हर्षितने आदल्याच दिवशी मुंबईच्या मित्रांसमोर त्याला उस्ताद म्हटलं होतं, त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला होता. लडकूला आयुष्यात कुणी उस्ताद म्हटलं नव्हतं.

त्याने रंग तसाच ठेवला आणि त्यावरच बोल्ट कसला. वॉशरचे दात रंगात थोडे रुतले असतील, काटा सरळ वर चढला. मी विचारलं, घासला नाहीस? तो म्हणाला, "चढला ना काटा." गोमाही खालून बघत होता, पण त्याला कोण विचारतंय.

एप्रिलमध्ये एका रविवारी दुपारी हर्षितचा फोन आला. तीन आठवड्यांपूर्वी त्याने टाकी फुल करून, गाडी झाकून ठेवली होती. आज चावी फिरवली तर काटा पाव टाकीवर. पेट्रोल कोण काढतंय ते बघायला उस्तादांनी यावं. गाडीची बॅटरीही उतरली होती, म्हणून मी नवी बॅटरी घेऊन सोबत गेलो.

गेट उघडायला गोमाच आला. नेहमीसारखं पाणी दिलं. लडकूने पाणी पिऊन चावी फिरवली, काचेवर दोनदा टिचकी मारली. काटा हलला नाही. इथे त्याने बल्ब घेऊन गाडीखाली जायला हवं होतं. दहा मिनिटांचं काम. मी वाट बघत होतो की आता जाईल, आता जाईल. पण हर्षित बाजूला उभा होता, आणि काट्यावर शंका म्हणजे उस्तादावर शंका. लडकू म्हणाला, "मी लावलेला काटा हाय. खोटा नाय दाखवनार."

गोमा म्हणाला की काडी घालून बघा. तो स्वतःच कुंपणाची एक लांब सरळ काडी तोडून घेऊन आला. त्या गाडीच्या टाकीचं तोंड मागच्या नंबरप्लेटच्या आड आहे आणि आतली नळी वाकडी आहे. काडी वाकणात अडते, पेट्रोलपर्यंत पोचतच नाही. पाच दिवस त्या टाकीखाली झोपलेल्या लडकूला हे दिसलं नसेल असं मी मानणार नाही. काडी कोरडी निघाली. हर्षितने गोमाच्या खोपीतून एक प्लास्टिकचा कॅन शोधून आणला, पेट्रोलचा वास येणारा. गवत कापायच्या मशीनसाठी तो हर्षितच्या बापानेच दिला होता.

गोमाचा आवाज तेव्हाही चढला नाही. "मी नाय काढला. वाघोबावर चला, हात ठेवतो." त्या पाड्याच्या वेशीवर वाघोबाचा दगड आहे. त्यावर हात ठेवून तिथलं कुणी खोटं बोलत नाही, चोरी-भांडण सगळं त्या दगडापाशी मिटतं. हे लडकूला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. लडकू म्हणाला, "दगडाला काय विचारायचा? काटा समोर हाय."

आणि मारलं. पहिली थप्पड उघड्या पंजाची, डाव्या कानावर. गोमा जागच्या जागी फिरला आणि गुडघ्यावर बसला. मग लाथ पोटात. मग लडकूने माझ्या बॅटरीसोबतची जाड केबल उचलली, जिच्या टोकाला तांब्याचा ठोकळा असतो, आणि ती त्याच्या पाठीवर ओढली. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. सदरा फाटला, मग कातडं फाटलं. गोमा ओरडत नव्हता. तो दोन्ही हातांनी कान धरून मातीत कपाळ टेकवून बसला होता आणि बोटांमधून रक्त येत होतं. त्याच्या तोंडात माती गेली होती, ती तो थुंकत होता. हर्षितने मोबाईल काढून सगळं शूट केलं. मी बॅटरी खाली ठेवू शकलो असतो. नाही ठेवली. माझी जुनी बरगडी आठवली, हे एक कारण. बाकीची कारणं नंतर शोधलेली.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ आजूबाजूच्या सगळ्या फार्महाऊसवाल्यांच्या ग्रुपवर होता, खाली लिहिलेलं की राखणदारांवर लक्ष ठेवा. आठवड्याभरात त्या पाड्यावरच्या आणखी चार माणसांना कामावरून काढलं. गोमाच्या कानाचा पडदा फाटला होता. मुरबाडच्या डॉक्टरने सांगितलं, त्या कानाने आता ऐकू येणं कठीण. पण पाड्यावर त्याच्याशी बोलत तरी कोण होतं. चोर गोमा ठरला होता आणि उपास चार घरांना पडत होते.

पुढच्या रविवारी हर्षितला गाडी घेऊन माळशेज घाटाकडे जायचं होतं, मित्र येणार होते. सोबत उस्ताद हवेत म्हणून लडकू, आणि लडकूसोबत मी. काटा आता थेट तळाला होता. गोमाने उरलंसुरलंही नेलं असणार, असं हर्षित हसत म्हणाला. वाटेतल्या पंपावर टाकी फुल करायला सांगितली. पंपावरच्या बाईने नळी लावली, आणि पाच लिटर गेले नाहीत तोच पेट्रोल उसळून बाहेर आलं. निळ्या रंगावरून ओघळत जमिनीवर. ती म्हणाली, "टाकी भरलेली हाय तुमची. कशाला आलात?"

लडकू खाली उतरला. त्याच्या चेहऱ्याकडे मी बघितलं आणि मला तिथून निघून जावंसं वाटलं. गाडी ढकलून बाजूच्या मोकळ्या जागेत नेली. तो बल्ब घेऊन खाली आडवा झाला. टाकीची तार त्याने हातातल्या दुसऱ्या वायरीने बॅटरीच्या निगेटिव्हला जोडली. मी चावी फिरवली, काटा तळापासून सरळ फुलवर गेला. वायर काढली, काटा खाली बसला. पुन्हा लावली, पुन्हा वर. असं त्याने चार वेळा केलं. एकदा पुरलं असतं. मग बोल्ट काढला. बोल्टखाली रंग जवळजवळ जसाच्या तसा होता, गोल, चकचकीत. वॉशरच्या दातांचे चार बारीक ओरखडे, तेही गंजलेले. गाडी उन्हात तापली, निवली, दात सुटले. चोर एवढाच होता.

लडकूने तिथेच पडून स्क्रूड्रायव्हरने रंग खरवडायला घेतला. हर्षित ओरडायला लागला. मी त्याला बाजूला घेऊन सगळं समजावलं, की पेट्रोल कधी गेलंच नव्हतं. त्याने मागे वळून रंगावरच्या ओघळाकडे बघितलं. मग म्हणाला, जाऊ दे ना, आता कशाला काढायचं, आदिवासी माणूस आहे, उगाच केस व्हायची, त्याला दुसरीकडे कुठेतरी लावून देऊ. लडकू गाडीखालून बाहेर आला आणि त्याने हर्षितच्या नाकावर ठोसा मारला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग केसांना धरून त्याचं तोंड त्या लांब बॉनेटवर दोनदा आपटलं. निळ्या रंगावर रक्त चांगलं उठून दिसत होतं. पंपावरच्या पोरांनी मिळून लडकूला मागे ओढलं.

मला त्या क्षणी लडकू फार आवडला, आणि त्याची मला आजही लाज वाटते. कारण हर्षितला मारणं सोपं होतं. मारणं लडकूला नेहमीच सोपं गेलं आहे. पाड्यावर जाणं अवघड होतं, ते त्याने चार दिवस टाळलं. दुकान उघडायचा, बसायचा, बंद करायचा. मी एकदा म्हटलं, चल जाऊन येऊ, तर त्याने पाना फेकून मारला. तो माझ्या कपाळाला चाटून गेला आणि मागच्या बॅटरीचं झाकण फुटलं. मी म्हटलं, "अजून मार. मीही चोरलंच असेल पेट्रोल." मग तो उठला आणि माझ्या मोटरसायकलवर मागे बसला.

आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. गोमा वाघोबाच्या दगडाजवळच, पळसाखाली बसून कुंपणाच्या कामट्या तासत होता. लडकूला बघून लोक गोळा झाले. दोघा-तिघांच्या हातात काठ्या होत्या आणि त्या कशासाठी आहेत ते त्यांनी लपवलं नाही. लडकूने खिशातून तो बोल्ट काढला, निळा रंग चिकटलेला, आणि दगडावर ठेवला. शेंदूर लावलेल्या त्या दगडावर त्याने उजवा पंजा टेकला. मग खाली बघत, जेमतेम ऐकू येईल असं बोलला. "गोमा, पेट्रोल कोनी नाय काढला. माझ्या कामात खोट व्हती."

गोमाने त्याच्याकडे डावा कान केला. फाटलेला. म्हणाला, "काय?"

लडकूने पुन्हा सांगितलं, थोडं मोठ्याने. गोमाने मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून, आणि तोच कान अजून पुढे केला. ज्या कानावर पहिली थप्पड पडली होती तो. लडकूने दगडावरचा पंजा न उचलता दुसऱ्या हाताने डोळे पुसले. त्याला मी बापाच्या मयतीलाही रडताना बघितलं नव्हतं. तिसऱ्या वेळी तो ओरडून बोलला, घरात बसलेल्या म्हाताऱ्यांनाही ऐकू जाईल असं. गोमा चोर नाही. टाकी भरलेली होती. मी रंगावर बोल्ट कसला. काडी पोचत नाही हे मला ठाऊक होतं. मी त्याला फुकट मारला. एकेक वाक्य सुटं सुटं, आणि शेवटचं बोलताना आवाज फाटला. बाजूला एक पोरगी मोबाईल धरून उभी होती. तो व्हिडिओही नंतर सगळीकडे फिरला, आणि चारपैकी तिघं परत कामावर लागले.

हिरी तेवढ्यात रानातून आली. डोक्यावर लाकडांची मोळी. ती कुठपासून ऐकत होती कोण जाणे. तिने मोळी खाली टाकली, कमरेची कोयती काढली. मी बघितलं, तिने कोयती हातात उलटी केली, धार वर, पाठ खाली. मग दगडावरच्या त्या पंजावर सगळा जोर लावून हाणली. आवाज ओल्या फांदीचा झाला. लडकू खाली बसला, पण हात दगडावरच राहिला. त्याची डावी मूठ आपोआप आवळली गेली. ती मूठ मी तीस वर्षं ओळखतो. त्याने ती हळूहळू उघडली आणि मांडीखाली दाबून ठेवली. हिरीने कोयती पुन्हा उचलली.

"पुरे गो," गोमा म्हणाला. "मला पयल्या खेपेलाच आयकू आलं व्हतं."

तिने कोयती खाली घेतली. काठीवाल्यांनी काठ्या खाली केल्या, पण जागचं कुणी हललं नाही. लडकू तसाच बसला होता, हात दगडावर, बोटं नको तिकडे वळलेली, आणि तो हात उचलायचं त्याला सुचत नव्हतं. मग मी पुढे गेलो आणि त्याचा हात दगडावरून उचलला.